हौशी कथाखेळ आणि वाङ्मयानंद

खेळ आणि वाङ्मय यांचें नातें सवतीमत्सराचें आहे, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित समाजांत रूढ झाली आहे. घरांतील मुलगा संगणकापुढें बसून व्हिडिओ गेम खेळूं लागला कीं त्याचें वाचन संपलें, आणि वाचन संपलें कीं लेखनाची आशाही उरली नाहीं, असा निष्कर्ष पालक व शिक्षक दोघेही एकाच सुरांत काढतात. या समजुतीच्या सामाजिक बाजूचा निवाडा करण्याचें आम्हांस येथें प्रयोजन नाहीं. तें काम मानसशास्त्रज्ञांचें आहे. आमच्यापुढील प्रश्न निव्वळ वाङ्मयीन आहे. ज्याला खेळाचाही छंद आहे आणि लेखनाचेंही वेड आहे, असा हौशी मनुष्य आपले दोन्ही नाद एकत्र करून जेव्हां एखादी कृति निर्माण करतो, तेव्हां त्या कृतीस वाङ्मय म्हणावयाचें कीं नाहीं? आणि म्हणावयाचें झाल्यास, तिच्यापासून मिळणारा आनंद कथा-कादंबऱ्यांच्या आनंदाच्याच जातीचा कीं निराळ्या जातीचा? या प्रश्नास 'अर्थातच नाहीं' असें उत्तर देऊन मोकळे होणारे टीकाकार पुष्कळ आहेत. आमचें उत्तर तसें नाहीं, आणि तें कां नाहीं हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

व्हिडिओ गेम या नांवाखालीं आज शेंकडों तऱ्हेच्या गोष्टी मोडतात. त्यांतील बंदुकीचे, मोटारींच्या शर्यतींचे व चेंडूचे खेळ आम्ही बाजूस ठेवितों. ज्या खेळांत चित्र नाहीं, संगीत नाहीं, केवळ शब्द आहेत, त्यांचाच मुख्यत्वें विचार येथें करावयाचा आहे. कारण वाङ्मयाचा दावा तपासावयाचा तर तो जेथें शब्दांखेरीज दुसरा आधारच नाहीं तेथें तपासणें न्याय्य होय. इंग्रजींत या प्रकारास आरंभीं 'टेक्स्ट ॲडव्हेंचर' आणि पुढें 'इंटरॲक्टिव्ह फिक्शन' असें म्हणूं लागले. आम्ही सोयीसाठीं त्यास कथाखेळ म्हणूं. त्याची रीत साधी आहे. पडद्यावर एक परिच्छेद उमटतो: तुम्ही अमुक ठिकाणीं आहां, समोर अमुक वस्तु पडली आहे, वाट अमुक दिशेस जाते. त्याखालीं एक रिकामी ओळ असते. खेळणाऱ्यानें तींत एखादी आज्ञा लिहावयाची: दिवा घे, दार उघड, उत्तरेस जा. संगणक ती आज्ञा उकलतो आणि तिचा परिणाम पुन्हां शब्दांतच सांगतो. अशा रीतीनें ओळीमागून ओळ घडत जाते, आणि वाचणें व लिहिणें या दोन क्रिया एकाच बैठकींत एकाच माणसाच्या हातून होत राहतात. आमच्या आठवणींत तरी वाचकाच्या हातीं लेखणी देऊन मग त्यास गोष्ट सांगणारा दुसरा वाङ्मयप्रकार नाहीं.

या प्रकाराचा जन्म व्यापाऱ्याच्या पेढीवर झाला नाहीं, हें प्रथमच लक्षांत घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील केंब्रिज येथें विल् क्राउदर नांवाचा एक संगणकतज्ज्ञ नोकरीस होता. आज ज्यास आपण इंटरनेट म्हणतों त्याच्या पूर्वजाच्या, म्हणजे आर्पानेटच्या उभारणींत त्यानें काम केलें होतें. त्याचा छंद मात्र भुयारांत उतरण्याचा. केंटकी संस्थानांत मॅमथ केव्ह म्हणून जें गुहांचें अफाट जाळें आहे, आणि ज्याची आजवर मोजलेली लांबी सहाशें किलोमीटरांहून अधिक भरते, त्याच्या मोजणींत तो व त्याची पत्नी पॅट्रिशिया असे दोघेही भाग घेत. १९७२ सालीं ज्या तुकडीनें त्या गुहेच्या दोन प्रचंड शाखा आंतून जोडलेल्या असल्याचा शोध लाविला, तींत पॅट्रिशिया होती. पुढें या दांपत्याचा घटस्फोट झाला. त्यानंतर आपल्या दोन मुलींस रमविण्यासाठीं क्राउदरनें १९७५-७६ च्या सुमारास 'ॲडव्हेंचर' हा खेळ रचला. आणि त्यांतील गुहा कल्पनेंतील नसून ज्या वाटा त्यानें स्वतः मोजल्या होत्या त्यांचीच होती. १९७७ सालीं स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यानें त्यांत कमाल ३५० गुणांची मोजणी इत्यादींची भर घालून तो खेळ सर्वत्र पसरविला. २००७ मध्यें डेनिस जर्झ या अभ्यासकानें क्राउदरची मूळ आवृत्ति मिळवून व प्रत्यक्ष गुहेंत उतरून दोहोंचा ताळा पाहिला, तेव्हां कथेंतील वर्णन खऱ्या भुयाराशीं पुष्कळसें जुळतें असें दिसून आलें.

ही हकीकत आम्ही केवळ मौजेखातर सांगितली नाहीं. क्राउदर साहित्यिक नव्हता. त्याची वाक्यें मोजणीदाराचीं आहेत: आंखूड, विशेषणांविषयीं कंजूष, दिशा व अंतर यांविषयीं चोख. परंतु ज्या वाटेनें आपण स्वतः रांगत गेलों तिच्याविषयीं लिहितांना अलंकारांची गरज भासत नाहीं, हा धडा त्या वाक्यांत आहे. मोडलेल्या संसाराचा त्यांत एका अक्षरानेंही उल्लेख नाहीं. तरीपण एकेकाळीं दोघांनीं मिळून मोजलेली गुहा एक बाप आपल्या मुलींस शब्दांनीं दाखवीत आहे, हें कळल्यावर त्या कोरड्या वाक्यांचा स्वाद पालटल्यावांचून राहत नाहीं.

यापुढील कांहीं वर्षें या प्रकारास बाजारांत भाव आला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधील मंडळींनीं 'झॉर्क' हा खेळ रचला, आणि १९७९ सालीं 'इन्फोकॉम' ही कंपनी निघाली. या काळांतील बहुतेक खेळ म्हणजे कोड्यांची माळ असे. कुलूप येथें, किल्ली तेथें, आणि मध्यें दहा अडचणी. आपल्याकडील साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर हें चित्रकाव्य होय. दंडीनें 'काव्यादर्शां'त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत, म्हणजे कूटांची हौस आपल्या पूर्वजांसही होती; पण मम्मटानें काव्याची प्रतवारी लावतांना ध्वनीस उत्तम व चित्रकाव्यास अवर ठरविलें. बुद्धीस कोडें सुटल्याचा जो आनंद होतो तो खोटा नव्हे. मात्र कोडें सुटलें कीं शब्द टरफलासारखे गळून पडतात, आणि शब्द गळून पडले कीं वाङ्मयही उरत नाहीं. ग्रॅहॅम नेल्सन या इंग्रज लेखकानें १९९५ सालच्या आपल्या निबंधांत या प्रकारांत शब्दकोडें व कथानक यांचें नेहमींच वैर चालतें अशा आशयाचें म्हटलें आहे, तें याच व्यंगास उद्देशून होय.

परंतु त्या बाजारी काळांतही एखादी कृति चित्रकाव्याची पायरी ओलांडून जात असे. ब्रायन मोरिआर्टी याची 'ट्रिनिटी' (१९८६) ही तशी एक. लंडनच्या केन्सिंग्टन बागेंत एक अमेरिकन प्रवासी फिरत असतां अणुयुद्धास तोंड लागतें. तो एका चमत्कारिक द्वारांतून निसटतो, आणि अणुस्फोटांच्या निरनिराळ्या स्थळांतून भटकत अखेर १६ जुलै १९४५ च्या पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत, पहिल्या चांचणीच्या जागीं येऊन पोहोंचतो. वाटेंत एके ठिकाणीं जादूच्या काढ्यासाठीं एक लहानसा सरडा मारावा लागतो. कथेच्या दृष्टीनें ही बाब क्षुल्लक. परीकथांतून असे काढे कितीतरी शिजले असतील. परंतु येथें तो सरडा कथेंतील नायक मारीत नाहीं. 'मार' हा शब्द खेळणाऱ्यास आपल्या बोटांनीं लिहावा लागतो. तो लिहीपर्यंत कथा जागची हालत नाहीं. पुष्कळ खेळणारे या जागीं थबकले, दुसरा उपाय शोधूं लागले, आणि अखेर नाइलाजानें तो शब्द लिहून खिन्न झाले, असें त्या खेळाविषयीं लिहिणारे पुनःपुन्हां सांगतात. लक्षावधि माणसांचा संहार हा ज्या कृतीचा विषय, तींत एका सरड्याच्या मरणानें मनास चरका बसावा हा योगायोग नव्हे. मोठ्या संहारामागेंही कोणी तरी एक शब्द उच्चारलेला असतो, एक कळ दाबलेली असते. लेखकानें तें व्याख्यान देऊन सांगितलें नाहीं. त्यानें तें आमच्या हातून करवून घेतलें.

बाजाराचें प्रेम फार दिवस टिकलें नाहीं. चित्रें हालूं-बोलूं लागलीं तशी शब्दांची गिऱ्हाइकी ओसरली. १९८६ मध्यें इन्फोकॉम दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली, आणि १९८९ सालीं तिचें केंब्रिजमधील कार्यालय बंद झालें. व्यवहाराच्या नियमाप्रमाणें कथाखेळाचा इतिहास येथें संपावयास हवा होता. तो संपला नाहीं, याचें श्रेय सर्वस्वीं हौशी मंडळींस आहे. वर उल्लेखिलेल्या ग्रॅहॅम नेल्सननें १९९३ सालीं 'इन्फॉर्म' हें कथाखेळ रचण्याचें साधन तयार करून तें फुकट वांटलें. नेल्सन गणितज्ञ व कवि अशा दोन्ही नात्यांनीं ओळखला जातो, ही गोष्ट येथें सूचक आहे. २००६ सालच्या त्याच्या नव्या आवृत्तींत तर साध्या इंग्रजी वाक्यांनींच खेळ रचतां येऊं लागला; दिवा गुहेंत आहे असें लिहिलें कीं दिवा गुहेंत असतो! १९९५ पासून कथाखेळांची एक वार्षिक स्पर्धा भरत आली आहे. तींत कोणींही खेळ पाठवावा, आणि पांच तरी खेळ खेळून पाहणाऱ्या कोणाही रसिकानें गुण द्यावे. कोणत्याही एका खेळाचे गुण पहिल्या दोन तासांच्या अनुभवावरून द्यावयाचे असा नियम आहे. बक्षिसें रसिकांच्या देणग्यांतून मिळतात. यावर कोणाचें घर चालत नाहीं, आणि चालावें अशी कोणाची अपेक्षाही नाहीं.

'हौशी' हा शब्द आपल्याकडे बहुधा कमीपणानें वापरला जातो. हौशी नट म्हणजे ज्याला पाठ येत नाहीं तो, असाच पुष्कळांचा ग्रह असतो. परंतु ज्यांनीं महाराष्ट्रांतील हौशी रंगभूमीचा इतिहास डोळ्यांखालून घातला आहे, त्यांस ठाऊक आहे कीं व्यवसायास न परवडणारे प्रयोग करण्याची ताकद याच मंडळींनीं वेळोवेळीं दाखविली. व्यावसायिकास गिऱ्हाईक सांभाळावें लागतें. हौशी मनुष्यास केवळ आपल्या हौसेशीं इमान राखावें लागतें. कथाखेळांतही हेंच घडलें. व्यावसायिकांच्या हातीं जो प्रकार चित्रकाव्याच्या आसपास घोटाळत होता, तो हौशी लेखकांच्या हातीं आल्यावर थोड्याच वर्षांत ध्वनिकाव्याकडे वळला.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. रॉजर ईबर्ट हा अमेरिकेंतील नामांकित चित्रपटसमीक्षक. व्हिडिओ गेम हा कलाप्रकार होऊंच शकत नाहीं, असें त्यानें २०१० सालीं ठामपणें लिहिलें, आणि मोठें वादळ उठलें. त्याच वर्षीं पुढें त्यानें स्वतः न खेळतां आपण बोलावयास नको होतें असें मान्य केलें. तथापि त्याचें तत्त्व त्यानें सोडलें नाहीं. तें तत्त्व थोडक्यांत असें: उत्तम वाङ्मयांत व चित्रपटांत कृतीच्या क्रमावर कर्त्याची सत्ता असते, खेळांत ती सत्ता खेळणाऱ्यास वांटून दिली जाते, आणि जेथें शेवट ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडिला तेथें कलेची अनिवार्यता नाहींशी होते. हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. ज्या शोकांतिकेचा शेवट प्रेक्षक आपल्या सोयीनें बदलूं शकेल, ती शोकांतिका कसली?

या आक्षेपाचें उत्तर शोधतांना आम्हांस आपल्याच एका टीकाकाराची आठवण होते. १९२१ सालच्या बडोदें येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून नरसिंह चिंतामण केळकर यांनीं वाङ्मयानंदाची मीमांसा करतांना 'सविकल्प समाधि' ही कल्पना मांडली. वाचक कथेंतील पात्राच्या भूमिकेंत शिरतो, पण आपलें आपलेपण न गमावतां शिरतो. आपण आपल्या जागीं राहून त्याच वेळीं दुसऱ्याचें जीवन अनुभवतो. आणि या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा मथितार्थ. या कल्पनेवर पुढें पुष्कळ वादविवाद झाले. आम्हांस त्या वादांत येथें शिरावयाचें नाहीं. कथाखेळापुढें ही कल्पना ठेवली असतां मात्र ती नव्यानें उजळून निघते, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कादंबरी वाचतांना वाचकाचें जें स्वत्व शिल्लक राहतें तें केवळ साक्षी असतें. पात्र चालतें, आपण पाहतों. पात्र चुकतें, आपण हळहळतों. परंतु आपण पुस्तक उघडलें नसतें तरी तें चुकलेंच असतें. कथाखेळांत तसें नाहीं. तेथें आपण शब्द लिहिल्यावांचून पात्र पाऊल उचलीत नाहीं. समाधि तीच, पण तींतील विकल्पास येथें काम मिळालें आहे. तो साक्षी होता, तो आतां अंशतः कर्ता झाला. यामुळें एक असा भाव वाङ्मयाच्या कक्षेंत येतो जो कादंबरीस सहसा साधत नाहीं. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत व्रीडा आहे, विषादही आहे. परंतु नाटकांत वा काव्यांत ते आपण पात्राचे म्हणून आस्वादतों. 'हें मीं केलें' अशी टोंचणी वाचकास स्वतःच्या नांवें लागणें, हें कथाखेळाचें खास क्षेत्र आहे. 'ट्रिनिटीं'तील सरडा याचेंच उदाहरण होय.

आणि हा भाव उत्पन्न करण्यासाठीं शेवट बदलतां येण्याची गरजच नाहीं, हें ॲडम केडर याच्या 'फोटोपिया'नें दाखवून दिलें. १९९८ च्या स्पर्धेंत या खेळास पहिला क्रमांक मिळाला. त्यांत कोडीं जवळजवळ नाहींत. ॲली नांवाची एक बुद्धिमान, प्रेमळ किशोरी दुसऱ्यांच्या लहान मुलीस सांभाळावयास जाते व तिला झोंपण्यापूर्वीं रंगांच्या देशांतली एक अद्भुत गोष्ट सांगते. आणि घरीं परततांना एका मद्यपी वाहनचालकामुळें अपघातांत मरण पावते. प्रसंग पुढेंमागें केलेले आहेत, आणि प्रत्येक प्रसंगांत खेळणारा निराळ्या व्यक्तीच्या भूमिकेंत असतो. काय होणार आहे हें हळूहळू त्याच्या ध्यानांत येतें. एके ठिकाणीं तर तिला घरीं पोहोंचविणाऱ्या मोटारीचें चाकच त्याच्या हातीं येतें. तो तें टाळण्याची धडपड करतो, मिळेल ती आज्ञा लिहून पाहतो, आणि कशाचाही उपयोग होत नाहीं. ईबर्टची अनिवार्यता येथें शाबूत आहे. किंबहुना कादंबरींत ती आम्हीं निमूटपणें स्वीकारली असती. येथें तिच्याशीं झगडून, हात टेंकून मग स्वीकारावी लागते. मुलीचा मृत्यु कोणास टाळतां आला नाहीं हें सांगणें एक, आणि तो टाळण्याचे आमचे शब्द एकामागून एक निकामी होतांना आम्हांस पाहावयास लावणें निराळें. कर्त्याची सत्ता गेली नाहीं. ती अधिक सूक्ष्म झाली.

दुसऱ्या टोंकास एमिली शॉर्ट हिची 'गॅलटीआ' (२०००) आहे. लेखिका ग्रीक-लॅटिन विद्येची अभ्यासक. पिग्मेलियनच्या जुन्या कथेंतील सजीव पुतळा एका प्रदर्शनांत उभा आहे आणि कलासमीक्षक म्हणून तुम्ही तिच्याशीं बोलावयाचें, एवढाच व्याप. तुम्ही काय विचारतां, कोणत्या क्रमानें विचारतां, आणि केव्हां गप्प राहतां यावर तिचें मन उघडतें किंवा मिटतें. शेवट अनेक आहेत. येथें ईबर्टचा आक्षेप लागू पडेल असें वाटतें. पण दोन-तीन वेळां खेळल्यावर कळून येतें कीं हे सारे शेवट मिळूनच एक व्यक्ति उभी राहते. आपल्या परिचयाची माणसें आपल्या प्रश्नांप्रमाणें निरनिराळीं दिसतात, आणि तरीही तीं तींच असतात. त्यांतलाच हा प्रकार.

येथवर आम्ही गुण गाइले. परंतु टीकाकारानें केवळ गुण गाणें हें हौशी लेखकांवर अन्याय करण्यासारखें आहे, म्हणून दोषही स्पष्ट सांगतों. पहिला दोष यंत्राच्या मोहाचा. साधन हातीं आलें कीं तें काय काय करूं शकतें हें दाखविण्यांत लेखक रमतो. मग शेंकडों खोल्या होतात, आणि एकाही खोलींत थांबावेंसें वाटत नाहीं. दुसरा दोष शेवटांच्या उधळपट्टीचा. वीस शेवट लिहिले म्हणजे वीस पट अर्थ निर्माण होतो ही भ्रांति आहे. ज्या निवडीचें मोल द्यावें लागत नाहीं ती निवडच नव्हे. तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो निखळ लेखनाचा आहे. द्वितीय पुरुषांत लिहितांना 'तुला भीति वाटते', 'तुझें मन भरून येतें' असें खेळणाऱ्यास परस्पर सांगून टाकण्याचा मोह पुष्कळांस आवरत नाहीं. वाचक लगेच मनांत म्हणतो, मला तर कांहींच वाटलें नाहीं! आणि समाधि मोडते. लेखकानें अंधार सांगावा, पायाखालचें पाणी सांगावें, दिव्याची मिणमिण सांगावी; भीति खेळणाऱ्याची खेळणाऱ्यानें आणावी. क्राउदरच्या मोजणीदारी वाक्यांनीं जें साधलें तें पुढील कित्येक काव्यमय वाक्यांस साधलें नाहीं, याचें कारण हेंच. विभावानुभाव नीट योजावे, रसाचें नांव घेऊं नये, हा आपल्या साहित्यशास्त्राचा जुनाच दंडक येथें यंत्राच्या साक्षीनें पुन्हां सिद्ध होतो. म्हणूनच आम्हांस वाटतें कीं कथाखेळ लिहून पाहणें ही गद्यलेखनाची उत्तम तालीम आहे. कादंबरींतील शिथिल वाक्य वाचक चाळून पुढें जातो; येथें त्याच वाक्यांतून पुढची आज्ञा शोधावयाची असल्यामुळें तो प्रत्येक शब्द पारखून घेतो. ज्ञानेश्वरांनीं नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांपाशीं जें अवधान मागितलें, तें या लेखकांस न मागतां मिळतें. एवढें अवधान ज्याला मिळतें त्यानें ढिलें लिहिणें म्हणजे पाहुण्यास पाटावर बसवून उपाशी ठेवण्यासारखें आहे.

आम्ही ज्या कृतींची चर्चा केली त्या सर्व इंग्रजींतील आहेत. अशा कृति मराठींत लिहावयाच्या तर काय होईल, हा विचार मराठी वाचकाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे, आणि भाषेच्या दृष्टीनें तो मोठा उद्बोधक आहे. पहिली अडचण व्याकरणाची. इंग्रजींत दिव्याचा शब्द कोणत्याही वाक्यांत जसाचा तसा राहतो. मराठींत 'दिवा' घेतला तर दिवा, पण तेल घालावयाचें 'दिव्यांत', आणि उजेड पडावयाचा 'दिव्याचा'. सामान्यरूपाचे हे सारे वळसे यंत्रास शिकवावे लागतील. ही अडचण कष्टानें सुटेल. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. इंग्रजी 'यू' या एका शब्दांत वय, मान आणि लिंग सारेंच झांकलेलें असतें. मराठींत 'तू उभा आहेस' म्हणतांच मुलगी बाहेर राहते, आणि 'उभी आहेस' म्हणतांच मुलगा. 'तू जातोस' व 'तू जातेस' यांचीही तीच कथा. लेखकास मग वाटा शोधाव्या लागतात: 'तू दिवा उचललास' यांत क्रियापद दिव्याकडे पाहतें, उचलणाऱ्याकडे नाहीं, 'तुम्ही गेलांत' यांतही लिंग उघड होत नाहीं, आणि आज्ञार्थ तर सर्वांस सारखाच. पण 'तुम्ही' म्हटलें कीं अंतर पडतें, आणि 'तू' म्हटलें कीं बोलणारा आई, देव किंवा फौजदार यांपैकीं कोणी तरी होतो! मात्र मराठीपाशीं एक असें सर्वनाम आहे कीं तें इंग्रजीपाशीं नाहीं. तें म्हणजे 'आपण'. 'आपण आतां गुहेच्या तोंडाशीं आलों' असें म्हणतांच सांगणारा व ऐकणारा एकत्र चालूं लागतात. आजी नातवंडांस गोष्ट सांगते ती पुष्कळदां याच सर्वनामांत. ज्या लेखकास हें सर्वनाम कथाखेळांत राबवितां येईल, त्याच्या कृतींतील जबाबदारी एकट्या खेळणाऱ्याची न राहतां लेखक व खेळणारा अशा दोघांची होईल. 'ट्रिनिटीं'तील सरडा मराठींत 'आपण मारला' असें म्हणावें लागेल. आणि तें वाक्य इंग्रजीहून सौम्य होईल कीं अधिक बोंचेल, याचा निर्णय कोणा मराठी हौशी लेखकानेंच प्रयोगानें करावयाचा आहे.

शेवटीं ज्या समजुतीपासून आरंभ केला तिच्याविषयीं दोन शब्द. एस्टोनियांतील रॉबर्ट कुर्वित्झ यानें २०१३ सालीं आपल्या मातृभाषेंत एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा खप फारसा झाला नाहीं. पुढें त्याच कल्पित जगावर त्यानें सहकाऱ्यांसह 'डिस्को एलिझियम' हा खेळ रचला व तो २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत चित्रें आहेत, आवाजही आहेत. पण त्याचा प्राण म्हणजे दहा लाखांहून अधिक शब्दांचा मजकूर. एका लहान भाषेंतील कादंबरीकारास जे वाचक पुस्तकानें मिळाले नाहींत, ते खेळानें मिळाले. खेळणारे वाचीत नाहींत असें म्हणणाऱ्यांनीं या एका गोष्टीचा विचार करावा. कदाचित् ते आपलीं पुस्तकें वाचीत नसतील. पण त्याचा दोष सर्वस्वीं त्यांचाच आहे, असें आम्हांस खात्रीनें म्हणवत नाहीं.

मराठींत लिहूं इच्छिणारा आणि रात्रीं जागून खेळणारा असा तरुण आज घरोघर आहे. त्यास दोहोंपैकीं एक नाद सोडण्याचा उपदेश करणाऱ्यांची वाण नाहीं. आमचें त्यास सांगणें एवढेंच कीं, दोन्ही नाद ठेवावे, पण दुसऱ्याचा खेळ खेळून रात्र सरली तर सकाळीं स्वतःच्या खेळांतील एक खोली चार नेटक्या वाक्यांत लिहावी, आणि ती मित्रास वाचावयास न देतां खेळावयास द्यावी. तो कोठें अडला, कोठें कंटाळला व कोठें विनाकारण रेंगाळला हें शेजारीं बसून निमूटपणें पाहावें. आमच्या समव्यवसायी टीकाकारांस विनंति आहे ती स्पर्धेच्या नियमाचीच: मत द्यावयाचें तर आधीं दोन तास खेळून द्यावें. ज्या पिढीस आपण वाङ्मय शिकवितों, तिच्या हातून वाङ्मयाचा एखादा नवा प्रकार आपल्या डोळ्यांदेखत मराठींत आकारास आला, तर तो ओळखण्याची तयारी आपणांकडे असली पाहिजे.